घरकामगारांची पेन्शन: पैसे भरायचे कुणी?

काजवा:
वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून बाई साठीला येते तेव्हा गुडघे गेलेले असतात आणि हातात काहीच नसतं. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) 2021 च्या रिपोर्टप्रमाणे जगात 7 कोटी 56 लाख घरकामगार आहेत आणि पाचातल्या चौघांना कामगार म्हणून कायद्याचं, पेन्शनचं संरक्षणच मिळत नाही. माझं स्पष्ट मत, जो कामाला ठेवतो त्याने पेन्शनचा हिस्सा भरलाच पाहिजे, कायद्यानेच. उरुग्वेने 2006 ला घरकामगारांच्या हक्कांचा कायदा केला, ब्राझीलने त्यासाठीच 2013 ला घटनादुरुस्ती केली, मग बाकीच्यांचं घोडं कुठे अडलंय?

निवांत:
ब्राझीलचं अर्धंच सांगितलंत. 2015 च्या तिथल्या कायद्यात एका घरी आठवड्याला दोनपेक्षा जास्त दिवस काम असेल तरच मालकावर जबाबदारी येते, मग पेन्शन, अपघात विमा, काम सुटल्यावरचा फंड धरून पगारावर 20 टक्के. लोक दोनच दिवस बोलावणार ना! आणि जिची रोज चार घरं आहेत तिचा मालक कोण? सक्ती केलीत तर आहे ते कामही जाईल.

काजवा:
@निवांत चौघांनी तासांप्रमाणे थोडं थोडं भरावं. ब्राझीलमध्ये सगळ्याचं मिळून एकच ऑनलाइन चलन निघतं. लाईटबिल परवडत नाही म्हणून कुणी भरायचं सोडतं का?

उंबरठा:
माझी आई हेच काम करायची. एका योजनेत स्वतः हप्ते भरायला लागली, पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवायची, मग एक घर सुटलं, ती आजारी पडली, हप्ते थकले आणि खातं बंद. तुम्ही दोघं मालकावरून भांडताय पण भाजी विकणारी, कचरा वेचणारी, यांना मालकच नाही हो. बोलिव्हियात 2008 पासून साठीनंतर सगळ्यांनाच सरकारकडून पेन्शन आहे, हप्ता भरलेला असो नसो. मला तेच पटतं.

निवांत:
त्यांच्याकडे तेल आणि गॅसवरच्या कराचा पैसा होता. तो नसेल तिथे सगळा भार करदात्यांवर, आणि एवढ्या लोकांत वाटायचं म्हटलं तर हातात येणार किती?

काजवा:
म्हणूनच दोन्ही हवं, खाली सरकारची ठरलेली रक्कम आणि वर मालकाचा हिस्सा. नुसतं सरकारवर सोडलं तर राबवून घेणारा मोकळाच सुटतो, ते मला अजिबात मान्य नाही.

उंबरठा:
दोन्ही चालेल, पण बाळंतपणात, आजारपणात जे महिने रिकामे जातात ते कोण भरणार ते आधी कायद्यात लिहा. आईचं खातं तिथेच बुडालं.