मदत हवी आहे: 'बेडफर्डशायर' ट्रॉलर (१९४२), ट्रॉलरवर काम केलेल्यांनी जरूर वाचा

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या महायुद्धातल्या 'एचएमटी बेडफर्डशायर' या ब्रिटिश नौदलाच्या ट्रॉलरवर मराठीत सविस्तर लेख लिहायला घेतलाय. दोन ठिकाणी गाडी अडलीय, म्हणून हा धागा.

बोट मूळची मासेमारीची. १९३५ साली इंग्लंडात मिडल्सब्रोजवळ बांधलेली, १६२ फूट लांब, कोळशावर चालणारी. १९३९ मध्ये रॉयल नेव्हीने ताब्यात घेतली. नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) चार इंची तोफ, मागे डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब), पाणबुडी हुडकायला अ‍ॅस्डिक. १९४२ च्या सुरुवातीला जर्मन पाणबुड्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जहाजं बुडवायचा सपाटा लावला, तेव्हा ब्रिटनने असे २४ ट्रॉलर तिकडे धाडले. त्यातच ही.

११ मेच्या रात्री नॉर्थ कॅरोलायनाच्या केप लुकआउटजवळ यू-५५८ या जर्मन पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. बोटीवरचे ३७ च्या ३७ गेले. संकटाचा संदेशसुद्धा कुणाला मिळाला नाही. १४ तारखेला ओक्राकोक बेटाला दोन मृतदेह लागले तेव्हा कुठे कळलं. त्यातले एक सब-लेफ्टनंट टॉमस कनिंगहॅम. काही आठवड्यांपूर्वीच दुसऱ्या जहाजावरच्या ब्रिटिश खलाशांच्या दफनासाठी त्यांनी स्वतः झेंडे काढून दिले होते. त्यातलाच एक त्यांच्या शवपेटीवर घातला गेला. हे वाचल्यापासून विषय डोक्यातून जात नाही. नंतर आणखी दोन मृतदेह मिळाले. ओक्राकोकवर आज चार कबरी आहेत, दोन बिननावाच्या. दर मे महिन्यात मानवंदना होते.

आता मदत. हर्णै, रत्नागिरी, मालवणकडे ट्रॉलरवर राबलेलं कुणी इथे आहे का? आपले ट्रॉलर लहान, डिझेलचे, हे ठाऊक आहे. पण जाळं, मासळी, बर्फ सगळं उतरवलं, खण रिकामे झाले आणि नाळेवर जड तोफ चढवली, तर बोट लाटेवर कशी वागेल? नाक दाबून चालेल का? वळताना तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) काय जाणवेल? खालचं वजन कशाने भरून काढाल? लेखात 'बोटीचं युद्धनौकेत रूपांतर झालं' एवढ्यावर मला हे उरकायचं नाही. ज्यांनी सुकाणू हातात धरलंय त्यांच्याकडूनच हे समजून घ्यायचंय. घरातले काका-मामा टंकत नसतील तर त्यांना विचारून तुम्ही लिहा.

दुसरं, इंग्लंडातल्या मंडळींसाठी. लोस्टॉफ्टच्या बेल व्ह्यू पार्कमध्ये रॉयल नेव्हल पेट्रोल सर्व्हिसचं, म्हणजे असे ट्रॉलर चालवणाऱ्या नौदलाच्या शाखेचं, स्मारक आहे. ज्यांना कबर मिळाली नाही त्यांची नावं तिथे आहेत. कुणी त्या बाजूला राहत असेल तर १९४२ मधल्या नावांचे स्पष्ट फोटो काढून पाठवाल का?

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल. लेखात श्रेय नावानिशी देईन.