बालवाडीत काय करायचं ते मुलांनीच ठरवावं का?

रानवारा: पालकांनी मिळून चालवलेल्या बालवाडीत हा वाद हमखास निघतो: दिवसाचं वेळापत्रक बाईंनी आखायचं की मुलांनी हवं ते निवडायचं? तीन ते सहा वयाच्या मुलांना निवड द्यावी, असं माझं ठाम मत आहे. एखादं मूल अर्धा तास या भांड्यातलं पाणी त्या भांड्यात ओततं, तेव्हा कमी-जास्त, हलकं-जड, हाताचा तोल हे सगळं त्याच्या अंगात मुरत असतं. 'चला, आता गाणी' म्हणून त्याला उठवलं की तंद्री मोडते. हे रोज झालं तर मूल कशातच रमायचं सोडून देतं. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत 'बालगृह' नावाची बालशाळा सुरू केली, तिथल्या मुलांची एकाग्रता पाहूनच त्यांची पद्धत घडत गेली.

पाटीपेन्सिल: माँटेसरींचं उदाहरण तुम्ही अर्धंच दिलंत. तिथे मूल निवडतं, पण मांडणीवर काय ठेवायचं ते मोठी माणसं ठरवतात. साहित्य कसं हाताळायचं ते आधी बाई दाखवतात, आणि काम झालं की ते जागेवर ठेवावं लागतं. नुसतं 'हवं ते करा' म्हटलं की धीट मूल हवं ते पटकावतं आणि बुजरं मूल रोज त्याच ठोकळ्यांपाशी बसून राहतं. शिवाय ज्याच्या घरी गोष्टीचं एकही पुस्तक नाही, ते आपणहून पुस्तकांच्या कोपऱ्यात का जाईल? ज्याला बालवाडीची सर्वांत जास्त गरज, त्याचंच यात नुकसान होतं. मला याचा राग येतो.

रानवारा: बुजऱ्या मुलाचा मुद्दा मान्य. पण गटाने एका सुरात अक्षरं म्हणताना तर ते मूल आणखीच दिसेनासं होतं! इटलीतल्या रेज्जो एमिलियाजवळच्या गावात १९४५ मध्ये लोकांनी युद्धात मागे राहिलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून बालशाळा उभारली. लोरिस मालागुझ्झी नावाचे शिक्षक त्यांना येऊन मिळाले, आणि पुढे तिथल्या बालशाळांत मुलांचं बोलणं, चित्रं, प्रश्न टिपून ठेवायची रीत रुजली. त्या नोंदी वाचून शिक्षक पुढचं साहित्य मांडतात. कोण कुठे अडकलंय, ते अशा नोंदींतून कळतं.

सावली: नोंदी ठेवणार कोण? बाई एकट्या, आणि मदतीला पाळीने येणारे पालक. आम्हा पालकांना गप्प बसून बघणंच जमत नाही. मूल चित्र काढत असतं आणि शेजारून सूचना येते, 'आकाश निळं रंगव.' पालकांना आधी निरीक्षण शिकवा, मग मुलांच्या स्वातंत्र्याचं बोला.

पाटीपेन्सिल: सावलींशी सहमत. हायस्कोप नावाच्या बालशिक्षणाच्या पद्धतीत मूल आधी काय करणार ते सांगतं, मग करतं, आणि शेवटी काय केलं ते मोठ्यांशी बोलतं. निवड राहते, पण प्रत्येक मुलाशी संवाद होतोच. एवढं बांधलेलं असेल तर माझा विरोध नाही. मात्र रोजची गोष्ट सगळ्यांनी एकत्र ऐकायची, त्यात निवड नको. शब्द कानावर पडलेच नाहीत तर पुढे वाचन कसं येणार?

रानवारा: गोष्ट रोज व्हावी, पण सक्तीने बसवू नये. चिखलात हात घातलेलं मूलही कान देऊन ऐकत असतं.

पाटीपेन्सिल: काही ऐकतात. जे ऐकत नाही, त्याला हाताला धरून जवळ बसवणं हे मी बाईंचं काम मानते.