'अभिषिक्ताला हात लावू नका' म्हणे! मग हिशोब विचारायचा कोणाला?

मागचा बाक:
काल एकांची पोस्ट वाचली. चर्चच्या मंडळ्याच (म्हणजे सभासदच) पाळकांना, पास्टरांना, छळतात, बिचारे खचून सेवा सोडतात, सभासदांना फक्त खोड्या काढता येतात वगैरे, आणि शेवटी बायबलमधलं ठेवणीतलं वचन, 'माझ्या अभिषिक्तांना (देवाने नेमलेल्यांना) हात लावू नका'. गप्प बसणार होतो, नाही जमलं.

अहो, स्तोत्र 105 आधी पूर्ण वाचा ना. तिथे अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब, मूठभर माणसं, परक्या मुलखात भटकणारी. आणि देवाने दम दिलाय तो राजांना. आपल्याकडे उलटं, ज्याच्या हातात माईक तोच हे वचन समोर गप्प बसलेल्यांना ऐकवतो. आमच्या वार्षिक सभेत एका ताईंनी एवढंच विचारलं की 'इतर खर्च' हा आकडा सगळ्यात मोठा कसा. उत्तर आलं नाही, प्रार्थना करून सभा संपवली. पुढच्या रविवारी संदेश कोरहाच्या बंडावर, मोशेविरुद्ध उठला म्हणून पृथ्वीने तोंड उघडून गिळलं तो. नाव घेतलं नाही हो कुणाचं, पण सगळ्या माना ताईंच्या तिसऱ्या बाकाकडे वळल्या. ताईंनी येणं सोडलं. आता सांगा कोण कोणाला छळतंय.

रिटायर्ड पाळक:
तुमचा राग समजतो, पण नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती मी अंगावर झेललीय. कमिटीत मला बोलावून एक टाईप केलेलं पत्र वाचून दाखवलं. खाली सही नाही, तारीख नाही. कोणी लिहिलं विचारलं तर 'लोक म्हणतात'. कोण लोक? 'लोक हो.' पहिलं तीमथ्य 5:19 काय सांगतं, दोघातिघा साक्षीदारांशिवाय मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप ऐकूच नका. मला एकही साक्षीदार दाखवला नाही, बदली मात्र झाली.

मागचा बाक:
19 वाचलंत, आता 20 पण वाचा. पाप करणाऱ्याला सर्वांसमोर दोष द्या असं लगेच पुढे आहे. तिथे बरे थांबता सगळे. आणि साक्षीदार आणायचे कुठून, हिशोबाची वहीच बघू देत नाहीत.

पाळकपुत्री:
मागे पण जा की एक पाऊल! 18 काय आहे? मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नको, कामकरी मजुरीला योग्य आहे. पगार उशिरा देणारे कमिटीवाले हे वचन कधी वाचत नाहीत. आणि पगार एकाला, काम दोघांना. माझ्या आईने आयुष्यभर संडे स्कूल घेतलं, महिला मंडळ चालवलं, रात्रीअपरात्री आलेल्यांना दार उघडलं, कुठल्याही कागदावर तिचं नाव नाही. मंडळीतल्या बायका न विचारता आतल्या खोलीत येऊन पडदे कधी धुतले बघायच्या. घर चर्चचं ना!

जुनी सभासद:
पडद्यांचं सोडा बाई. पण आमच्या आधीच्या पाळकीणबाई ऑर्गन वाजवायच्या, आजाऱ्यांना भेटायच्या, कधी चेहरा वाकडा नाही. आताच्या नोकरी करतात, उपासना संपली की पाच मिनिटांत गायब. काही अपेक्षा ठेवायच्या की नाही?

पाळकपुत्री:
ठेवा ना, नेमणूकपत्र द्या आणि ठेवा. चेहरा वाकडा नव्हता कारण वाकडा केला असता तर वडिलांची बदली झाली असती. इलेक्ट्रिशियनच्या बायकोला तुम्ही पंखा दुरुस्त करायला बोलावता का?

जुनी सभासद:
सेवा आणि इलेक्ट्रिशियन एकच झालं का?? काय ही भाषा. संस्कार दिसतात.

पाळकपुत्री:
संस्कार फुकट मिळाले, तुमच्या मंडळीकडूनच.

ड्रमसेट हटाव:
मूळ भांडण वेगळंच आहे. ड्रम आल्यापासून मंडळी फुटली. पाळकांना सांगितलं तर म्हणतात तरुणांना आवडतं. आम्ही काय मेलो?

इतिहासवाला:
ड्रम नव्हते तेव्हाही हेच चालायचं. जोनाथन एडवर्ड्स घ्या, अमेरिकेतला एवढा मोठा उपदेशक. 1744 साली तरुणांच्या वात्रटपणाच्या चौकशीसाठी त्याने सभेत नावांची यादी वाचली, आणि त्यात आरोपी कोण, साक्षीदार कोण हे सांगितलंच नाही! अर्धं गाव बिथरलं. पगारावरून कुरबुर होतीच. मग प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) कोणाला द्यायचं यावरून ठिणगी पडली आणि 1750 ला मंडळीने त्याला काढलं. गंमत म्हणजे नवा पाळक मिळेना म्हणून काढल्यावरही त्यालाच संदेशाला उभं करत होते.

रिटायर्ड पाळक:
बघा, गरज सरली नव्हती तोवर चालला.

मागचा बाक:
आणि यादी वाचली त्याचं काय? तीच आमची तिसऱ्या बाकाची गोष्ट.

इतिहासवाला:
दोघंही आपापल्या सोयीचं उचला. पण सगळे पाळक मंडळीच्या विरोधात असतात असं नाही. स्कॉटलंडमध्ये जमीनदार आपल्या मर्जीचा पाळक मंडळीवर लादायचे. मंडळीला नकाराचा हक्क हवा यावरून 1843 ला चारशेच्या वर पाळक चर्च सोडून बाहेर पडले. पगार गेला, राहती घरं गेली.

पाळकपुत्री:
आणि त्या चारशे घरांतलं सामान कोणी बांधलं असेल?

इतिहासवाला:
आता प्रत्येक गोष्टीत तेच आणायचं का 🙏

पाळकपुत्री:
हो.

मागचा बाक:
ठीक आहे, पाळकपुत्रीताईंचा मुद्दा मान्य, वेगळा धागा काढा. माझं एवढंच, तक्रार करायची लेखी पद्धत हवी. सहीनिशी अर्ज, पाळकांना उत्तराची संधी, आणि ऐकणारे कमिटीतले नकोत आणि पाळकांच्या घरचेही नकोत. आत्ता काय होतं, पाळक पुलपिटवरून बोलतात, आम्ही जिन्यात बोलतो, आणि फारच झालं तर वरून बदली. बदलीने प्रश्न सुटत नाही, दुसऱ्या मंडळीच्या गळ्यात पडतो.

रिटायर्ड पाळक:
सहीनिशी असेल तर माझी हरकत नाही. सही करणारे किती निघतात ते मात्र बघायचंय. इथेही खऱ्या नावाने कोण लिहितंय?

मागचा बाक:
तुमचं खरं नाव 'रिटायर्ड पाळक' आहे वाटतं.

जुनी सभासद:
तुमचे अर्ज-बिर्ज होऊ देत. पण पाळकीणबाई करणार नसतील तर संडे स्कूल घेणार कोण, ते सांगा कोणीतरी.

पाळकपुत्री:
तुम्ही.