कुळावी म्हणजे कोण?

प्रश्न : फोंड्याकडच्या देवळांत अग्रशाळेची (भक्तांना उतरायची जागा) खोली मागितली की "महाजन की कुळावी?" असं विचारतात. गोव्याबाहेर वाढलेल्यांना कूळ म्हणजे जमीन कसणारा एवढंच ठाऊक. कुळावी त्यातलाच का?

उत्तर : नाही. ज्या घराण्याचं ते कुलदैवत, ते त्या देवाचे कुळावी. मग घर कारवारला असो नाहीतर कोचीला. लेखनावरून मात्र काही कळत नाही. वंश आणि कसणारा, दोन्ही अर्थी 'कूळ' दीर्घच, आणि प्रत्यय लागला की दोन्हीकडे 'कुळा-' ऱ्हस्व.

महाजन वेगळा. पोर्तुगीज काळातला 1933 चा देवस्थान कायदा अजून लागू आहे. त्याप्रमाणे देवस्थानच्या महाजनांच्या वहीत नाव चढलेला तो महाजन. देवस्थानची समिती निवडताना मत त्याला, नुसत्या कुळाव्याला नाही. आजोबा वहीत आहेत म्हणून नातू आपोआप महाजन होत नाही, नाव चढवून घ्यावं लागतं. इथेच अडतं, कारण परमुलखात आडनावाचं रूप बदललेलं असतं आणि कागद एकमेकांशी जुळत नाहीत.

आणखी एक : अर्जातल्या 'मूळ गाव' या रकान्यात बरेच जण देऊळ आज जिथे आहे तो गाव लिहितात. मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, कवळ्याची शांतादुर्गा केळशीची. सोळाव्या शतकात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा हे देव पोर्तुगिजांच्या अमलाबाहेरच्या फोंड्यात आणले. तेव्हा मंगेश आज जिथे आहे तो प्रियोळ किंवा म्हाळसा आहे तो म्हार्दोळ हा तुमचा मूळ गाव असेलच असं नाही. तिथे घराण्याचा गाव लिहायचा, देवाचा नव्हे.

नुसतं 'शांतादुर्गा' लिहूनही भागत नाही. कवळ्याची वेगळी, धारगळची वेगळी. फातर्प्याची तर 'कुंकळ्ळीकरीण'. देऊळ फातर्प्याला, नाव जुन्या गावाचं. फाल्गुनात 12 वांगडांच्या (मूळ घराण्यांच्या) 12 छत्र्यांसह ती कुंकळ्ळीला येते.

प्रश्न : लग्न झालेल्या मुलीने काय सांगायचं?

उत्तर : रूढीने सासरचं कुलदैवत. माहेरच्या देवीची ओटी भरायला कुळावी असावं लागत नाही. जाण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून गोत्र, मूळ गाव आणि ठिकाणासकट देवाचं नाव कागदावर उतरवून घ्या. पुरोहित संकल्पाला गोत्र विचारतो तेव्हा फोनाफोनी सुरू होते, आणि गाभाऱ्यापाशी रेंज नसते.