बोअरच्या पाण्यातून सोलरवर मॅग्नेशियम: पट्टीवरचा पांढरा थर नेमका कशाचा?

प्रश्न (जुळे सोलापूर): 100 वॅटचं पॅनल, बादलीत लोखंडाच्या दोन पट्ट्या. ऋण पट्टीवर पांढरा थर येतो, पण पाणी तांबडं होतं. हे मॅग्नेशियम आहे का?

उत्तर १: बहुतेक चुनाच. पट्टीजवळ सामू (pH) वाढला की आधी कॅल्शियम कार्बोनेट बसतं. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड (मॅग्नेशियम याच रूपात बसतं) साधारण सामू 10 च्या पुढे. थरावर व्हिनेगर टाका: फसफसलं तर चुना. तांबडा रंग धन पट्टी गंजल्याचा; तिथे ऑक्साइड-लेपित टायटॅनियम लावा. ती झिलई किंवा रंग नसलेल्या मातीच्या मडक्यात ठेवा, नाहीतर तिथलं आम्ल ऋण पट्टीजवळचा अल्क (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) मारून टाकतं. सामू 9.5 ला चुना गाळा, मग 11 पर्यंत न्या.

उत्तर २: पॅनल थेट जोडू नका, करंट मर्यादित करणारा कन्व्हर्टर घ्या. 2 अँपिअर, 5 तास म्हणजे जास्तीत जास्त 4.5 ग्रॅम मॅग्नेशियम. प्रत्यक्षात बरंच कमी, कारण चुनाही अल्क खातो. बोअरच्या पाण्यात लिटरला 60 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असेल तर तेवढ्यासाठी 75 लिटर पाणी लागेल, बादली नव्हे! समुद्राच्या पाण्यात लिटरला 1.3 ग्रॅम असतं. आणि हे उघड्यावरच करा: एकीकडे हायड्रोजन, दुसरीकडे क्लोरीन निघतो.

प्रश्नकर्ता: व्हिनेगर टाकलं, जोरात फसफसलं. मडकं आणतो.