आधी आयटीआयचे शिक्षक (शिल्प निदेशक) भरा, मग मशीन

काही जण म्हणतात, केंद्राने आयटीआयसाठी ६०,००० कोटी मंजूर केले म्हणजे प्रश्न मिटला. मे २०२५ चा तो निर्णय चांगलाच आहे. १,००० सरकारी आयटीआय, पाच वर्षं. केंद्राचे ३०,००० कोटी, राज्यांचे २०,०००, आणि उरलेले १०,००० उद्योगांनी घालायचे. चाकण-वाळूजसारख्या कारखान्यांच्या पट्ट्यात उद्योगांचा वाटा येईलही, पण गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यात कोण घालणार?

आमच्याकडच्या एका आयटीआयमध्ये सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन आलं, पण वाढीव वीजभार मंजूर नव्हता. मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आणि पोरांचा गराडा जुन्या लेथभोवती. शिकवायला तासिका तत्त्वावरचे शिल्प निदेशक, तेही मानधन थकलेले! खरेदीच्या फायली मात्र पटापट हलतात (का, ते सगळ्यांना ठाऊक आहे). मंजूर पदं भरल्याशिवाय नव्या ट्रेडला (अभ्यासक्रमाला) मान्यताच देऊ नये, असं माझं मत.