कोहलींची निवृत्तीनंतरची कामं

फकीरचंद कोहलींची खरी कारकीर्द १९९६ला टीसीएसची (टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या सॉफ्टवेअर कंपनीची) सूत्रं सोपवली तिथेच संपली, असा मुद्दा या चर्चेत मांडला गेलाय, तो मला अजिबात पटत नाही. टाटा इलेक्ट्रिकमधला वीज अभियंता १९६९मध्ये टीसीएसमध्ये आला आणि त्याने कंपनी उभी केली, हे सगळं बरोबरच. पण त्यानंतरच्या कामाचा इथे कुणी उल्लेखच केलेला नाही. वयाच्या पंचाहत्तरीच्या आसपास त्यांनी प्रौढ साक्षरतेचं काम हाती घेतलं. अक्षरं गिरवत बसायचं नाही, रोजच्या वापरातले शब्द चित्र आणि आवाजासकट थेट पडद्यावर ओळखायचे, अशी पद्धत. सुरुवात आंध्रातून, तेलुगूत झाली आणि पुढे इतर भारतीय भाषांतही ती नेली. सुमारे ४० तासांत माणूस आपल्या भाषेतला साधा मजकूर वाचू लागावा, हे उद्दिष्ट. त्यासाठी कंपन्यांनी मोडीत काढलेले जुने संगणकही चालत. दिवसभर राबणाऱ्या बाईला किंवा मजुराला वर्षभराचा वर्ग झेपत नाही, हे या माणसाने नेमकं ओळखलं होतं!

दुसरं काम आपल्या पुण्यातलं. सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या जुन्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, नियामक मंडळाचे ते अध्यक्ष होते. देशात मोजक्या आयआयटी पुरणार नाहीत, जुनी सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयंच त्या तोडीची करायला हवीत, असा त्यांचा आग्रह होता. मला तर त्यांचं नेतृत्व टीसीएसच्या आकड्यांपेक्षा इथे जास्त दिसतं.